खिडकीची रांग

सरांनी दाराकडे बोट केलं, तरी मुलगी जागची हलेना.

असं कधी होत नसे. सरांचं बोट दाराकडे गेलं की ज्याच्यासाठी ते असेल त्याने मुकाट उठायचं, व्हरांड्यात जाऊन भिंतीला पाठ लावायची आणि तास संपेपर्यंत तिथून हलायचं नाही, हे शाळेतलं शेंबडं पोरही जाणून होतं. मी नव्हतो, तो होता, असली वकिली तिथे चालायची नाही. सर शब्द खर्च करत नसत आणि हात तर कधीच उचलत नसत. ज्याला छडी लागते त्याने दुसरा धंदा बघावा, असं ते नव्या शिक्षकांना चहा पिता पिता ऐकवत. आताही ते फळ्यावर वर्तुळ काढत होते. खडू टेकवून वळले, तर शेवटच्या बाकावरची ही मुलगी न विचारता उभी, आणि आजूबाजूची पोरं माना खाली घालून खांदे हलवत होती. झालं, एवढं पुरे होतं.

मुलीचे ओठ हलत होते. एक हात खिडकीकडच्या रांगेकडे लांबवलेला. वर्ग तिला घुमी म्हणत असे, कारण ही पोर प्रश्न विचारला तरी दोन शब्दांच्या वर बोलायची नाही. आज हिला काय सुचलं होतं कोण जाणे. सरांनी बोट आणखी ताणलं. मुलीने एकदा खिडकीकडे पाहिलं, एकदा सरांकडे पाहिलं, आणि तोंड वेडंवाकडं करत बाहेर गेली. सर पुन्हा फळ्याकडे वळले. वर्तुळाला स्पर्शिका काढायची राहिली होती.

ती काढून झाली, तिला नाव देऊन झालं, कोन दाखवून झाला, आणि तेवढ्यात शेजारच्या वर्गावरच्या विज्ञानाच्या बाई दारातून आत घुसल्या. विचारणं नाही, पुसणं नाही. सरांना जवळजवळ बाजूला सारून त्या खिडकीच्या रांगेतल्या शेवटच्या बाकाशी पोचल्या. तिथे नकल्या आडवा झाला होता. चेहरा जांभळा, डोळे फिरलेले. शिक्षकांच्या नकला करून वर्गाला हसवणारं हे पोरगं. मघाशी गळा धरून हातपाय झाडायला लागलं, तेव्हा पोरांना वाटलं, नवी नक्कल काढलीय. बाईंनी त्याला मागून कवेत घेतलं आणि पोटात मूठ रोवून हिसके दिले. पेनाचं निळं टोपण फरशीवर येऊन पडलं.

टोपणाला वर भोक असतं, तेवढ्या भोकातून वारा जात राहिला म्हणून हा राहिला, असं दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले. पण घसा आतून सोलवटला होता. पुरता श्वास मिळाला नव्हता त्यामुळे पोर संध्याकाळपर्यंत आईलाही ओळखत नव्हतं. आणखी थोडा उशीर झाला असता तर, एवढं म्हणून डॉक्टरांनी वाक्य सोडून दिलं होतं. ते वाक्य रात्रीपर्यंत सगळ्या शिक्षकांच्या घरी पोचलं.

शाळेत सरांना टाचणी सर म्हणत. तोंडावर नव्हे, पण त्यांना माहीत होतं, आणि मनातून आवडायचंही. दर वर्षी पहिल्या तासाला सर काही न बोलता वर्गात शिरत, शर्टाच्या खिशाच्या पट्टीला टोचलेली टाचणी काढत, हात खांद्याइतका वर नेत आणि सोडून देत. मग शेवटच्या बाकाला विचारत, "ऐकू आली?" नाही म्हटलं की पुन्हा. पुन्हा नाही म्हटलं की पुन्हा. हळूहळू पोरांची चुळबूळ थांबे, बाकं करकरायची थांबत, श्वाससुद्धा दबकत, आणि मग फरशीवरचा तो एवढासा टिंग शेवटच्या बाकावर पोचे. "आली," कोणीतरी कुजबुजे. "मग आता गणित करू," सर म्हणत. हाताची घडी, तोंडावर बोट, हा सगळा बालवाडीतला कारभार. खरी शांतता आतून येते, असं त्यांचं म्हणणं. तपासणीला साहेब आले की त्यांना आधी सरांच्या वर्गावर नेत. साहेब दारात उभे राहून मान डोलवत आणि पुढे जात. सरांनी आयुष्यभर दुसरं काही कमावलं नव्हतं. घर भाड्याचं होतं, मुलगी लग्न होऊन दूर गेलेली, पण त्यांचा वर्ग चिडीचूप असतो, हे मात्र गावभर ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुख्याध्यापिकांच्या खोलीत नकल्याचे वडील बसले होते. त्यांना बस चालवायची असल्याने खाकी शर्टातच आले होते. रात्रभर झोप नसावी. मुख्याध्यापिकांना सगळे मोठ्या बाई म्हणत. पण त्या एकेकाळी याच सरांच्या वर्गात तिसऱ्या बाकावर बसलेल्या. विज्ञानाच्या बाई दाराजवळ, आणि घुमी कपाटाला टेकून. सरांनी सवयीप्रमाणे खुर्ची जरा तिरकी करून घेतली आणि उजवा खांदा पुढे करून बसले.

"मला एवढंच सांगा," वडील म्हणाले, "वर्गात गोंधळ होता का? गोंधळ असेल तर मी समजू शकतो. पोरं आहेत, होतो गोंधळ."

मोठ्या बाईंचा जीव भांड्यात पडला. "तेच तर. शेवटचा तास, पोरं कंटाळलेली असतात, एखाद्याचं लक्ष..."

"माझ्या वर्गात गोंधळ नसतो," सर म्हणाले.

मोठ्या बाईंनी डोळ्यांनी खुणावलं. सरांनी ती खूण पाहिली आणि सोडून दिली.

"नव्हता ना?" वडील पुढे झुकले. "मग ही पोरगी म्हणते मी तीनदा हाक मारली. मी बस चालवतो हो. सत्तर माणसं बोलत असतात मागे, तरी शेवटच्या सीटवरच्या म्हातारीने थांबवा म्हटलेलं मला ऐकू येतं. तुमच्या शांत वर्गात तुम्हाला एक हाक ऐकू आली नाही?"

सरांनी मुलीकडे पाहिलं. ती खाली पाहत होती. सरांना खरंच आठवत होतं, वर्ग शांत होता. इतका शांत की खडू फळ्यावर फिरत होता तेही जाणवत नव्हतं. अशा वर्गात कोणी हाक मारली असती तर ती भिंतीवर आपटून परत आली असती. ही पोर घाबरली असेल, हिच्या घशातून आवाज फुटला नसेल, आणि आता अंगाशी आलं म्हणून सांगते आहे. एकदा असं मनात आलं आणि ते सरांना खरंच वाटलं.

"हाक मारली नाही तिने," ते म्हणाले. "मारली असती तर मी ऐकली असती."

घुमीने मान वर केली. "मारली होती," ती म्हणाली. दोनच शब्द, नेहमीसारखे.

"ठीक आहे, वर्गालाच विचारू," मोठ्या बाई उठल्या. सगळी वरात आठवीच्या वर्गावर गेली. मोठ्या बाईंनी विचारलं, "काल हिने सरांना हाक मारली ती कोणी कोणी ऐकली?" वर्ग गप्प. हिने हाक मारली म्हणायचं तर आपण तेव्हा काय करत होतो हे सांगावं लागणार. आपण हसत होतो, बोलत होतो, कागदाचे बोळे फेकत होतो. आणि त्याच्याही मागे एक गोष्ट होती, ती तर कोणीच काढणार नव्हतं. सगळ्यांनी माना खाली घातल्या. टाचणी पडली असती तर ऐकू आली असती.

नकल्याचे वडील मुलीसमोर येऊन उभे राहिले. "बरं, नसेल मारली. भीती वाटली असेल. पण तू बाहेर होतीस ना? व्हरांड्यात? मोकळी होतीस. पळत जाऊन कोणाला सांगता आलं नाही तुला?"

"हलायचं नसतं," घुमी म्हणाली.

"काय?"

"तिथून हलायचं नसतं."

बस चालवणाऱ्या त्या माणसाचे डोळे भरून आले. संतापाने की कशाने, त्यालाच माहीत. "माझं पोरगं मरत होतं आणि ही भिंतीला टेकून उभी होती," तो मोठ्या बाईंना म्हणाला. "एक तर ही शाळेतून जाईल, नाही तर मी वर तक्रार नेतो. काय ते ठरवा." मोठ्या बाईंनी मधल्या सुट्टीपर्यंत ठरवलं. उद्या मुलीच्या आईला बोलवायचं, दाखला हातात द्यायचा, आणि दुसरी शाळा बघा म्हणायचं.

विज्ञानाच्या बाई दिवसभर काही बोलल्या नव्हत्या. त्यांची नोकरी वर्षावर्षाची. सरांसारख्या माणसाला सगळ्यांदेखत खोटं पाडायचं म्हणजे पुढच्या वर्षीचं पत्र येणार नाही, हे त्यांना कळत होतं. शाळा सुटल्यावर मात्र त्यांनी सरांना व्हरांड्यात गाठलं आणि मुद्दाम उजव्या बाजूला येऊन उभ्या राहिल्या.

"सर, एक सांगू? रागावू नका. काल मला हाक ऐकू आली होती. भिंतीपलीकडून. सर, सर, अशी. मी म्हटलं, टाचणी सरांच्या वर्गात आवाज? भास झाला असेल, म्हणून पुन्हा शिकवायला लागले. पण मन लागेना. बाहेर येऊन बघते तर ती पोर भिंतीला पाठ लावून थरथरत उभी. तिने नुसता हात दाखवला आत."

"तुमच्याच वर्गातला आवाज असेल," सर म्हणाले. "तुमच्या वर्गात काय, रोजच बाजार भरलेला असतो."

बाईंचा चेहरा उतरला. त्या "बरं सर" म्हणून निघून गेल्या. पण सरांचे पाय तिथेच अडकून राहिले. भिंतीपलीकडून.

घरी सरांची बायको शिवणयंत्रावर बसली होती. लोकांचे कपडे उसवून घट्ट-सैल करून द्यायचं काम ती वर्षानुवर्षं करत होती, आणि काम करताना टाचण्या ओठांत धरायची तिला सवय. सरांच्या खिशावरची टाचणी इथूनच जायची. ती काही बोलली, सरांना कळलं नाही, तेव्हा ते नेहमीसारखं म्हणाले, "आधी तोंडातल्या टाचण्या काढ. मला कसं कळणार तू काय पुटपुटतेस?"

बायकोने त्यांच्याकडे पाहिलं. तिच्या तोंडात एकही टाचणी नव्हती.

चहा झाल्यावर ती खालच्या मजल्यावर कोणाचा तरी झगा द्यायला गेली. सर उठले. टाचण्यांची डबी उघडून एक घेतली, स्वयंपाकघराच्या फरशीवर हात खांद्याइतका वर नेला आणि सोडली. टाचणी पडलेली दिसली. पायाखाली पायपुसणं होतं, त्यावर पडली असेल, असं म्हणून ते मोरीजवळ कोऱ्या फरशीवर गेले. दुसरी सोडली. ती फरशीवर आपटून उडाली, लोळली, थांबली. सर श्वास रोखून उभे होते. तिसरी त्यांनी उजव्या बाजूला सोडली, चौथी कानाच्या अगदी जवळून. मग त्यांनी डबी उलटी केली. सगळ्या टाचण्या फरशीवर पाऊस पडल्यासारख्या पडल्या, नाचल्या, पसरल्या, आणि त्यातल्या एकीचाही आवाज झाला नाही.

ते वळले तर दारात बायको.

"कधीची उभी आहेस?"

"तीन हाका मारल्या," ती म्हणाली. आता ती त्यांच्या समोर येऊन, तोंड नीट उघडून बोलत होती. सरांच्या लक्षात आलं, ती अलीकडे घरात अशीच बोलते. "अहो, मी किती दिवस डोकं फोडतेय. कान दाखवा, कान दाखवा. तर तुम्ही म्हणता टीव्हीवाल्यांनीच आवाज कमी केलाय. दाराची बेल बिघडलीय. मी पुटपुटते. सगळं जग पुटपुटायला लागलं, एकटे तुम्ही तेवढे बरोबर."

"इतकं आहे?"

"उजवा थोडा तरी आहे. डाव्याला काही नाही." ती खाली बसून टाचण्या गोळा करू लागली. मग तिला हसूच आलं. "खरं सांगू? तुमच्यावर चिडले ना, की मी तुमच्या डाव्या बाजूला येऊन बसते. बरं पडतं. तिथून मी तुम्हाला काय काय म्हणून घेतलंय, ते तुम्हाला कळलं असतं तर घर सोडून गेला असता."

सरांना हसू आलं नाही. ते मोरीच्या कठड्यावर बसले. टेबलाशी उभं राहून वर्गाकडे तोंड केलं की त्यांच्या डावीकडे खिडकीची रांग येत असे. पहिल्या दिवशी पोरं त्या रांगेसाठी अक्षरशः मारामारी करत. वारा येतो म्हणून, असं सर समजत; एकदा तर त्यांनी सगळ्यांना पाळीपाळीने वारा मिळावा म्हणून बाकं बदलायचा बेतही केला होता. नकल्या तिथे. त्याचे साथीदार तिथे. मागच्या वर्षीचे उपद्व्यापी तिथेच, त्याच्या मागच्या वर्षीचेही तिथेच. एका वर्षाची पोरं दुसऱ्या वर्षाच्या पोरांना सांगून जात असणार. आणि फळ्याकडे तोंड केलं की मग काय, अख्खा वर्गच त्यांचा.

"खिडकीची रांग," ते म्हणाले.

"काय?"

"काही नाही." मग थोड्या वेळाने, "ती पोर चांगली मोठ्याने ओरडली असणार गं. भिंतीपलीकडे ऐकू गेलं. आणि मी तिला हात दाखवून बाहेर काढलं. वर सगळ्यांसमोर खोटी पाडली."

बायकोचा हात थांबला. तिला सगळी हकिगत माहीत होती. "उद्या सांगितलंत तर तुमचा वर्ग जाईल."

"जाईल."

"नाही सांगितलंत तर?"

"तिची शाळा जाईल."

सरांना वाटलं, ती म्हणेल, गप्प राहा, निवृत्तीला राहिलंय किती. तिने म्हटलं असतं तर कदाचित ते राहिलेही असते, असं त्यांना नंतर वाटलं. पण ती म्हणाली, "पाय वर घ्या. तुमच्या खाली दोन टाचण्या आहेत."

सकाळी शाळा भरायच्या आधीच सर मोठ्या बाईंच्या खोलीत जाऊन बसले. खोलीत दुसरं कोणी नसलं की ते त्यांना अगं-तुगं करत.

"त्या मुलीच्या आईला बोलावू नकोस. मुलगी खरं बोलली. खोटं मी बोललो."

"सर, हळू बोला. बाहेर शिपाई आहे."

"हळू म्हणजे किती, ते मला आता कळत नाही," सर म्हणाले. आणि मग त्यांनी सगळं सांगितलं, मोरीजवळच्या टाचण्यांसकट.

मोठ्या बाईंनी ऐकून घेतलं. त्यांचे डोळे टेबलावरच्या काचेत अडकले होते. "मला माहीत होतं," त्या शेवटी म्हणाल्या. "म्हणजे, शंका होती. मला वाटलं, दोन वर्षांचा प्रश्न आहे, निभावून नेऊ. तुमचा वर्ग शांत आहे असं आम्ही सगळे म्हणत राहिलो. साहेब आले की मीच आधी आत डोकावून पोरांना डोळे वटारायचे." मग घाईने म्हणाल्या, "सर, यंत्र मिळतं हो कानाचं. बारीक असतं. दिसतसुद्धा नाही."

"घेईन की. पण परवा जे झालं ते यंत्राने मागे जाणार आहे का? त्या पोराच्या वडिलांना फोन लाव. मी बोलतो. ते काय म्हणतात ते तू ऐक, मला फोनवर कळायचं नाही."

मोठ्या बाईंनी फोन लावला. सर शाळेत बोलत तसंच स्पष्ट, एकेक वाक्य सुटं करत बोलले: मुलीने हाक मारली होती, मला ऐकू येत नाही, हे मी मान्य करत नव्हतो, तुमच्या मुलाला जे सोसावं लागलं त्याला मी कारण आहे. मग फोन मोठ्या बाईंच्या हातात दिला आणि त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. तो चेहरा बराच वेळ नुसता ऐकत होता.

"काय म्हणाले?"

"काही नाही सर. रागात आहेत."

"सांग."

"म्हणाले, मास्तर मला पुन्हा वर्गात दिसता कामा नये." त्यांनी फोन खाली ठेवला. "मुलीबद्दल त्यांचं आता काही म्हणणं नाही."

"बरोबर आहे त्यांचं." सर उठले. "आजचा एक तास घेऊ दे मला. त्याच वर्गाचा."

मोठ्या बाईंनी नुसती मान हलवली. त्या वेळी त्या शाळेच्या प्रमुख वाटत नव्हत्या, तिसऱ्या बाकावरच्या वाटत होत्या.

सर वर्गात आले तेव्हा पोरं उभी राहिली आणि बसली. नकल्याची जागा रिकामी होती. शेवटच्या बाकावर घुमी एकटी होती. तिच्या शेजारची मुलगी दप्तर उचलून पुढे गेली होती. सरांनी खडू घेतला नाही. त्यांनी खिशाच्या पट्टीवरची टाचणी काढली. अर्धं वर्ष उलटून गेल्यावर हे काय, म्हणून पोरं एकमेकांकडे पाहू लागली. सरांनी हात वर नेला आणि टाचणी सोडली.

"ऐकू आली? ज्यांना आली त्यांनी हात वर करा."

सगळे हात वर गेले.

"मला नाही आली," सर म्हणाले.

हात तसेच हवेत राहिले, खाली कधी घ्यायचे तेही कोणाला सुचलं नाही.

"हात खाली. आता दुसरं विचारतो, आणि शिक्षा कोणालाच नाही. सरांना ऐकू येत नाही, हे ज्यांना आधीपासून माहीत होतं, त्यांनी हात वर करा."

मग खिडकीच्या रांगेतून एक हात अर्धा वर आला. दुसरा आला. मग मधल्या रांगेतले, मग दाराकडच्या रांगेतले, पहिल्या बाकावरच्या हुशार मुलींचेसुद्धा. सर एकेका हाताकडे बघत गेले. एवढी पोरं त्यांच्यासमोर रोज चिडीचूप बसायचं सोंग करत होती, आणि आपण त्यालाच आपली पुण्याई समजत होतो. त्यांना लाज वाटली, नुसती नागडी लाज, आणि ती त्यांनी लपवली नाही.

सगळ्या वर्गात एकच हात खाली होता. शेवटच्या बाकावरचा.

"तुला माहीत नव्हतं?" सरांनी विचारलं.

घुमीने नाही म्हणून मान हलवली. तिला कोणी सांगितलंच नव्हतं. तिच्याशी वर्गात बोलत होतं कोण? अख्ख्या वर्गात सर ऐकतील असं वाटलेली ती एकटीच होती, म्हणून तर ती उभी राहिली होती.

"हिने तीनदा हाक मारली होती," ते म्हणाले. "तुम्ही सगळ्यांनी ऐकली. मी नाही ऐकली. आणि मोठ्या बाईंच्या खोलीत मी सांगितलं की हिने मारलीच नाही. ते खोटं होतं." त्यांनी वर्गाकडे पाहिलं. "पुढच्या वेळी कोणाचा श्वास अडकला ना, तर उठा. ओरडा. बाक आपटा. मला ढकलून बाहेर पळा. विचारू नका कोणाला."

मग त्यांनी दाराकडे बोट केलं.

पोरं चपापली. प्रत्येकाला वाटलं, बोट आपल्यासाठीच आहे. सर मात्र बोट तसंच धरून खाली उतरले, बाकांच्या कडेने चालत दारातून बाहेर गेले आणि व्हरांड्यात भिंतीला पाठ लावून उभे राहिले.

भिंतीचा तेवढा पट्टा खांद्याच्या उंचीला तेलकट, काळपट झाला होता. वर्षानुवर्षांच्या पोरांच्या पाठींनी. सरांची पाठ त्याच्या बरीच वर आली. समोर मैदान, पलीकडे फाटक, फाटकाशी शिपाई खुर्चीवर. जाणारे-येणारे शिक्षक थबकत, काही विचारावं की नाही म्हणून घुटमळत आणि पुढे जात. विज्ञानाच्या बाई एकदा आपल्या दारात आल्या, त्यांच्या मागे त्यांचा वर्ग तोंडं उघडी टाकून काहीतरी जोरात म्हणत असावा. सर त्या तोंडांकडे बघत होते. त्यांनी बाईंना हाताने सांगितलं, जा, शिकवा. ऊन हळूहळू सरकत त्यांच्या चपलांवर आलं, मग गुडघ्यावर आलं. पाय दुखायला लागले, तरी ते हलले नाहीत. हलायचं नसतं.

मग आजूबाजूच्या वर्गांतून पोरं बाहेर पडायला लागली. आठवीचीही आली. दारातून निघताना ती सरांकडे बघत, काहीतरी म्हणावं असं वाटून तोंड उघडत आणि मिटत, आणि अंग चोरून पुढे जात. सर तसेच उभे होते. त्यांना वाटलं, तास अजून संपायचा आहे, मुतायला सोडलं असेल.

घुमी शेवटी आली. ती दारात थांबली, मग सरांच्या बरोबर समोर येऊन उभी राहिली, त्यांना आपलं तोंड दिसेल अशी. तिच्या मुठीत टाचणी होती. ती तिने सरांच्या हातात दिली आणि एकेक शब्द सुटा करत, मोठ्याने म्हणाली,

"सर, घंटा झाली."

"झाली?" सर म्हणाले.

तिने मान हलवली. सरांनी टाचणी खिशाच्या पट्टीला टोचली, भिंतीपासून पाठ सोडवली आणि शिक्षकांच्या खोलीकडे निघाले. मुलगी दोन पावलं त्यांच्या डावीकडून चालली. मग थांबली, मागून वळसा घालून उजव्या बाजूला आली आणि त्यांच्याबरोबर चालू लागली.